पुण्याची बिन्नी, दिल्लीचा शंकर आणि आपल्याकडचे परदेशी प्राणी

बकुळफूल

नमस्कार मंडळी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहूनच टाकते.

२०११ मध्ये आम्ही भुवनेश्वरला होतो, ह्यांची बदली झाली होती तिकडे. एका रविवारी मुलाला घेऊन नंदनकाननला गेलो. तिथे सगळी गर्दी पांढऱ्या वाघांपुढे, आम्हीही त्यासाठीच गेलेलो, पण उन्हानं जीव नकोसा झाला म्हणून सावली शोधत शोधत एका पिंजऱ्यापाशी येऊन टेकलो तर आत ओरांगउटान! लालसर तांबूस लांब केस, वय झालेलं, आणि डोक्यावर चक्क गोणपाट ओढून बसलेली, आपल्याकडे पावसात भाजीवाल्या मावशी बसतात ना अगदी तशी. मुलगा पाच वर्षांचा होता, तो जाळीपुढे उकिडवा बसला तर तिनंही गोणपाट थोडं वर करून त्याच्याकडे बघितलं. किती वेळ ती दोघं एकमेकांकडे बघत होती. आमचं मराठी बोलणं ऐकून तिथले राखणदार जवळ आले, कुठले म्हणून विचारलं, पुणे म्हटल्यावर म्हणाले, "ये भी तो पुणे की है."

माझा विश्वासच बसेना. पण खरंच होतं ते. बिन्नी तिचं नाव. २००३ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या प्राणिसंग्रहालयातून तिला तिकडे नेलं होतं. म्हणजे आम्ही दोघी पुण्याच्या, आणि भेटलो ओडिशात.

मे २०१९ मध्ये ती गेली. ४१ वर्षांची होती. बातमीत लिहिलं होतं, "देशातली एकमेव ओरांगउटान". तो "एकमेव" शब्द तेव्हापासून मनात रुतून बसलाय. मग वाचत गेले तर असे एकेकटे किती निघाले. म्हैसूरचा पोलो गोरिला, १९९५ ला डब्लिनहून आला आणि २०१४ ला गेला, तेव्हा अख्ख्या देशात दुसरा गोरिला नव्हता. दिल्लीची रीटा चिंपांझी २०१९ ला गेली, ५९ वर्षांची होऊन. आणि दिल्लीचाच शंकर, आफ्रिकन हत्ती. १९९८ मध्ये झिंबाब्वेनं भेट म्हणून दिला, शंकर दयाळ शर्मांच्या नावावरून नाव ठेवलं. बरोबर एक मादी होती ती थोड्याच वर्षांत गेली आणि त्यानंतर वीसेक वर्षं तो एकटा. त्याच्यावरून कोर्टात याचिका झाली, २०२४ मध्ये जागतिक प्राणिसंग्रहालय संघटनेनं दिल्लीचं सदस्यत्व स्थगित केलं, तरी तो होता तिथेच राहिला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वारला. २९ वर्षांचा. हत्तीच्या मानानं ऐन उमेदीचं वय हो हे.

लहानपणी आपण सगळ्यांनीच हे प्राणी बघितलेत, शाळेच्या सहलीला, मामाकडे सुट्टीत. तेव्हा कुठून आले, कसे आले, पुढे त्यांचं काय झालं हे कधी विचारलंच नाही. ज्यांना जे माहीत आहे ते इथे लिहा ना. राणीची बाग, पेशवे पार्क, सयाजीबाग, संस्थानं, सर्कस, काहीही चालेल.

भायखळा_पूर्व

बकुळताई, छान धागा. माझं सगळं बालपण राणीच्या बागेच्या भिंतीला लागून गेलं त्यामुळे लिहायलाच हवं.

बाग १८६१-६२ ची, व्हिक्टोरिया गार्डन म्हणून सुरू झाली, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण बेस्टच्या स्टॉपवर उभं राहून विचारा, लोक राणीची बागच म्हणतात. आमच्यासाठी तिथला राजा म्हणजे पाणघोडा. हिरवट गढूळ पाणी, त्यात नुसते दोन कान आणि नाकपुड्या दिसायच्या, आम्ही कठड्याला लटकून अर्धा अर्धा तास थांबायचो आणि मग एकदम तो जबडा उघडायचा आणि आतले ते पिवळे सुळे दिसायचे की सगळी पोरं एका सुरात ओरडायची. वास तर असा यायचा की घरी गेल्यावर आई म्हणायची आधी अंघोळ कर.

एक सांगतो, पाणघोडा परदेशी असूनही आपल्याकडे रुळला. मुंबईत पिल्लं झाली, इतरत्रही झाली. म्हणजे परदेशी प्राणी आणला की तो एकटा मरतोच असं नाही. पेंग्विनचंच बघा, जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही विरोधातच होतो. ऑक्टोबरमध्ये त्यातली डोरी गेली तेव्हा आमच्या चाळीत लोक हळहळले होते. १५ ऑगस्ट २०१८ ला पहिलं पिल्लू जन्मलं तेही आठवडाभरात गेलं. पण नंतरची पिल्लं जगली, आता चांगला थवा झालाय. १६ ते १८ अंशांत ठेवतात त्यांना. आणि हो, हम्बोल्ट हा बर्फातला पेंग्विनच नाही, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा आहे, हे मला तिथला बोर्ड वाचून कळलं. थवा आहे, जोड्या आहेत, घरटी आहेत, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

बकुळफूल

@भायखळा_पूर्व दादा, पटलं. आठ आणले म्हणून टिकले. बिन्नीला दुसरी बिन्नी असती तर तिनं गोणपाटाशी एवढी मैत्री केली असती का, असं वाटतं मला.

जुना_दवाखाना

मी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालोय. थोडं नियमांबद्दल लिहितो कारण इथे त्याचा संबंध आहे.

१९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण आलं. त्याआधी कोणीही उठावं आणि पिंजरे मांडून प्राणी ठेवावेत असं चालायचं, नगरपालिकांच्या बागांतसुद्धा एखादं अस्वल, चार माकडं, एक मगर असायचीच. प्राधिकरणाच्या नियमांत स्पष्ट आहे, कुठलाही प्राणी सबळ कारणाशिवाय एक वर्षाहून जास्त काळ जोडीदाराविना ठेवायचा नाही. नियम चांगला आहे. पण परदेशी प्राण्याच्या बाबतीत तो पाळायचा कसा? पूर्वी सोपं होतं, आम्ही तुम्हाला वाघ देतो तुम्ही आम्हाला जिराफ द्या, जहाजातून प्राणी यायचा. १९७६ ला भारत साइट्स करारात आला, म्हणजे दुर्मीळ प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणारा करार, आणि ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी हे त्यातल्या सगळ्यात कडक यादीत. हे बरोबरच आहे, कारण एक पिल्लू पकडायला जंगलात त्याच्या आईला मारत असत. पण त्याचा परिणाम असा की आधी येऊन राहिलेल्यांचे जोडीदार गेल्यावर नवीन मिळेनात आणि ते एकेकटे म्हातारे होत गेले. बिन्नीची गोष्ट तीच.

शंकरच्या बाबतीत आणखी एक अडचण. दिल्लीत दुसरे हत्ती होते की, मग त्यांच्यात का नाही सोडला असं लोक विचारतात. आफ्रिकन आणि आशियाई हे दोन अगदी वेगळे प्राणी आहेत, नुसत्या कानांचा फरक नाही. दोघांचं पिल्लू जगात एकदाच झाल्याची नोंद आहे, १९७८ मध्ये इंग्लंडला चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयात, तेही दोन आठवडेसुद्धा जगलं नाही. देशात दुसरा आफ्रिकन हत्ती होता तो म्हैसूरला, आणि तोही नरच.

अशा प्राण्याचं एकटेपण डॉक्टरला लगेच दिसतं. एकाच जागी उभं राहून डोकं डावीकडून उजवीकडे हलवत राहतो, तासन्‌तास. मी एका हत्तीला असं बघितलंय, त्याच्या पायाखालची जमीन तेवढ्याच गोलात झिजून खळगा पडला होता. लोक म्हणत होते बघा कसा डोलतोय, खूश आहे.

रानजाई

बापरे काका, मीपण असंच समजत होते इतकी वर्षं. आता डोलणारा हत्ती बघवणार नाही.

तोक्योकर

दवाखाना काका, तुमचा प्रतिसाद वाचून इथल्या तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयाची आठवण आली. इथे युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, बॉम्बहल्ल्यात प्राणी मोकाट सुटतील या भीतीनं हत्तींना उपाशी ठेवून मारलं होतं. युद्धानंतर इथल्या मुलांनी नेहरूंना हत्तीसाठी पत्रं पाठवली आणि १९४९ मध्ये आपल्याकडून इंदिरा नावाची हत्तीण आली, म्हैसूरकडची. १९८३ पर्यंत जगली. वयस्कर जपानी माणसं मी भारतीय म्हटल्यावर अजून तिचं नाव काढतात. शंकर काय, इंदिरा काय, देशांनी एकमेकांना दिलेल्या भेटी. फक्त इंदिरेच्या वाट्याला प्रेम फार आलं.

अलीपूरवासी

मी पंधरा वर्षं कोलकात्यात आहे. इथल्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा व्हायचा नाही.

१८७६ ला उघडलं. तिथले पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल, हा माणूस खरं तर शाळेच्या पुस्तकात असायला हवा. कुठला प्राणी काय खातो, आजारी पडला तर काय करायचं, पिल्लं कधी होतात, सगळं लिहून ठेवायचे आणि १८९२ मध्ये त्याचं पुस्तकच काढलं. त्यांच्याच काळात, १८८९ मध्ये, अलीपूरला सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जन्मलं. त्यानंतर जगात कुठल्याही प्राणिसंग्रहालयात हे पुन्हा व्हायला २००१ उजाडलं, अमेरिकेत सिनसिनाटीला. मधली ११२ वर्षं! मोठमोठ्या शास्त्रज्ञांना जमलं नाही ते विजेच्या आधीच्या काळात कलकत्त्यात झालं होतं.

आणि दुसरा अद्वैत. अल्डाब्रा बेटांवरचं राक्षसी कासव, वजन अडीचशे किलोच्या घरात. रॉबर्ट क्लाइव्हच्या बागेतलं म्हणून सांगायचे, आधी बराकपूरला होतं, मग अलीपूर सुरू होताना इथे आणलं. वय अडीचशे असावं असं म्हणायचे. मार्च २००६ मध्ये गेलं. बकुळताई, तुमच्या त्या "एकमेव" शब्दावरून आठवलं, नाव बघा ना, अद्वैत. ज्याला दुसरा नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा ते नव्हतं, पण इथल्या ऑफिसातले एक दादा सांगतात की लहानपणी ते आजोबांबरोबर त्याला बघायला जायचे आणि आजोबा सांगायचे की मीही माझ्या आजोबांबरोबर यालाच बघायला यायचो.

रानजाई

शेवटचं वाक्य वाचून काटा आला अंगावर.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितो. परदेशी प्राण्यांची वाट आमच्या बंदरातून गेलीय, ती दोन्ही बाजूंनी.

१६१२ मध्ये जहांगीरनं मुकर्रब खानाला गोव्याला पाठवलं होतं, पोर्तुगीजांकडे जे जे नवलाचं असेल ते घेऊन ये म्हणून. त्यानं नेलेल्या प्राण्यांत टर्की कोंबडा होता. जहांगीरला तो इतका अजब वाटला की त्यानं त्याचं वर्णन तर लिहिलंच, वर चित्रकारांकडून चित्रही काढून घेतलं. १६२१ मध्ये त्याच्याकडे झेब्रा आला तेव्हा दरबारी लोकांना वाटलं कोणीतरी पट्टे रंगवलेत, नीट तपासल्यावर पटलं. पुढे तो इराणच्या शाह अब्बासला भेट म्हणून गेला. उस्ताद मन्सूरनं काढलेलं त्या झेब्र्याचं चित्र नेटवर आहे, जरूर बघा, पायावरच्या बारीक पट्ट्यांपर्यंत सगळं बरोबर आहे.

आणि उलट दिशेनं म्हणाल तर १५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानानं दिलेला गेंडा पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कनं गोव्याहून जहाजात घालून लिस्बनला पाठवला. जानेवारीत निघाला, मे महिन्यात पोचला. चार महिने बोटीत! जर्मनीत ड्यूरर या चित्रकारानं तो न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कुणाच्या रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं आणि पुढे कित्येक पिढ्या युरोपात गेंडा म्हणजे तेच चित्र होतं. तो गेंडा मात्र पुढच्याच वर्षी पोपकडे नेताना इटलीजवळ बोट बुडून मेला, साखळ्यांनी बांधलेला होता. आम्ही मांडवीवर संध्याकाळी बसतो तेव्हा मला कधी कधी वाटतं, इथूनच कुठून तरी चढवला असेल त्याला.

पर्वती_पायथा

गेंड्यावरून सांगतो, पुण्यातसुद्धा गेंडा होता! सवाई माधवरावांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता, त्यात सिंह होता, गेंडा होता. गंगाराम तांबट या मराठी चित्रकारानं १७९० मध्ये त्या गेंड्याचं चित्र काढलंय, ते आता अमेरिकेत येलच्या संग्रहात आहे. गेंडा भारतातलाच, पण पुणेकरांना तो परदेशीच की. आणि पुढे त्याच पर्वतीजवळ १९५३ मध्ये पेशवे पार्क झालं. तिथली फुलराणी, ती छोटी आगगाडी, आठवते का सगळ्यांना? मग प्राणी कात्रजला गेले. मी कात्रजला पहिल्यांदा गेलो तेव्हा वाईट वाटलं होतं, आमची बाग गेली म्हणून. पण वाघाला मोकळ्या गवतातून चालताना बघितलं आणि पेशवे पार्कातले ते पिंजरे डोळ्यापुढे आले.

ग्वाल्हेरकर

आमची चौथी पिढी ग्वाल्हेरात. इथली एक गोष्ट महाराष्ट्रात फारशी ठाऊक नसते. माधवराव शिंदे महाराजांनी १९०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत आफ्रिकेतून सिंह आणले होते. आपल्याकडचे सिंह गीरपुरते उरले होते, म्हणून आपल्या संस्थानात पुन्हा सिंह असावेत ही इच्छा. डोबकुंडला जंगलात उंच भिंतींची आवारं बांधून त्यांना आधी ठेवलं आणि मग सोडलं. ते गुरांवर आणि माणसांवर हल्ले करायला लागले आणि सगळा बेत फसला. त्या भिंती अजून उभ्या आहेत.

आता गंमत नाही, योग बघा. हे सगळं कुनोच्या परिसरातलं. तेच कुनो पुढे गीरच्या सिंहांसाठी तयार केलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सिंह द्या म्हणून सांगितलं, ते आले नाहीत, आणि १७ सप्टेंबर २०२२ ला तिथे नामिबियाचे आठ चित्ते उतरले. म्हणजे एकाच जंगलात आफ्रिकेतून दोनदा प्राणी आले, शंभरेक वर्षांच्या अंतरानं.

बकुळफूल

केवढं काय काय निघालं! वाचनखूण साठवलीय मीच माझ्या धाग्याची. चित्त्यांचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूरकर कुठे आहेत? तुमच्याकडे तर चित्तेखाना होता ना?

रंकाळा

ताई, आलो. धागा सकाळीच वाचला होता, पण हे लिहायला जरा बसावं लागतंय म्हणून थांबलो होतो.

माझं आजोबा संस्थानच्या चाकरीत गाडीवान होतं. चित्त्याची बैलगाडी हाकायचं. आपल्याकडचे चित्ते संपत आले तसे कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून मागवायला सुरुवात केली, १९१८ ते १९४५ च्या दरम्यान देशात असे दोनशेच्या आसपास चित्ते आले. म्हणजे कुनोच्या कितीतरी आधी आफ्रिकन चित्ता कोल्हापूरच्या माळावर पळून गेलाय.

त्यांना पकडायचे आणि शिकवायचे ते चित्तेपारधी. मोठा झालेला, जंगलात शिकार शिकलेला चित्ताच घ्यायचे, पिंजऱ्यात वाढलेल्याला शिकार येत नाही. आणि पिंजऱ्यात त्याला पिल्लं तर होतच नाहीत, अकबराच्या चित्त्यांना एकदा झाली ते जहांगीरनं लिहून ठेवलंय, त्यानंतर थेट १९५६ मध्ये फिलाडेल्फियाला. त्यामुळं हजारोंनी पाळले तरी सगळे जंगलातनंच आणावे लागले, आणि जंगल रिकामं झालं. १९५२ मध्ये आपला चित्ता संपला म्हणून जाहीर झालं.

आजोबा सांगायचं ते असं. चित्ता गाडीवर बसायचा, डोळ्यावर कातड्याची टोपी, कमरेला दोर. काळविटाचा कळप बैलगाडीला भीत नाही, रोज बघतोय की तो गाड्या, म्हणून गाडी वाकडीतिकडी हाकत हाकत जवळ न्यायची, सरळ गेलं की कळप उठतो. मग टोपी काढायची. चित्ता एक क्षण नुसता बघायचा, आजोबा म्हणायचं त्या क्षणाला गाडीवरचं वजन बदलल्यासारखं वाटायचं. आणि मग गाडी एकदम हलकी. पळाला की पाचशे-सहाशे पावलात काय तो निकाल, नाही मिळालं तर तिथंच बसायचा, परत उठायचा नाही त्या दिवशी. मिळालं तर चित्तेपारधी पळत जाऊन काळविटाचं रक्त लाकडी पळीत धरून चित्त्याच्या तोंडापुढं धरायचा, तो पळी चाटायला लागला की टोपी परत डोळ्यावर.

टोपी नसली तरी काही काही चित्ते माणसाच्या मांडीवर डोकं ठेवून घुरघुरायचे, मांजरासारखे. आजोबांच्या गाडीवरचा एक चित्ता पावसाळ्यात आजारी पडून गेला, तर चित्तेपारध्यानं दोन दिवस चूल पेटवली नव्हती म्हणे. केनियाचा चित्ता आणि कोल्हापूरचा माणूस. शिकारीचा तो खेळ संपला हे चांगलंच झालं, मी त्याचं कौतुक करत नाही. पण त्या दोघांमधलं जे काय होतं ते आजोबा सांगताना त्यांचा आवाज बदलायचा.

जुना_दवाखाना

रंकाळा, हे नीट लिहून ठेवा. असं सांगणारी माणसं आता राहिली नाहीत.

भायखळा_पूर्व

अनुमोदन. यावर वेगळा लेखच यायला हवा.

अलीपूरवासी

+१. आणि म्हैसूरबद्दल एक राहिलंच, पोलो गेल्यानंतर २०२१ मध्ये तिथे जर्मनीहून ठाबो आणि डेम्बा असे दोन गोरिला आलेत. दोघं नर आहेत, पण एकटे नाहीत.

बकुळफूल

हे वाचून बरं वाटलं, अलीपूरवासी.

काल रात्री मुलाला फोन केला होता, तो आता हॉस्टेलला असतो. म्हटलं नंदनकानन आठवतं का रे. पांढरे वाघ अजिबात आठवत नाहीत म्हणाला. पण "ती गोणपाटवाली" लगेच आठवली, आणि मला जे दिसलं नव्हतं ते त्यानं सांगितलं, की निघताना त्यानं हात हलवला तेव्हा तिनं जाळीतून दोन बोटं बाहेर काढली होती. नखं काळी होती आई, म्हणाला, आजीसारखी सुरकुतलेली बोटं.

रंकाळा, आजोबांचा गाडीवरचा एखादा फोटो आहे का तुमच्याकडे?

रंकाळा

एकच आहे ताई, मोठ्या काकांकडे, कडा वाळवीनं खाल्ल्यात. चित्ता अर्धाच आलाय, आजोबा बैलांची कासरं धरून उभं, आणि मागं चित्तेपारधी आहे, त्याच्या हातात ती पळी स्पष्ट दिसते. रविवारी गावी जातोय, स्कॅन करून टाकतो.